बगळ्याच्या नावावर

आमच्या बिल्डिंगमध्ये मासे खाणारं एकच बिऱ्हाड उघडपणे राहत होतं, आणि ते झाडावर होतं. झाड शिरीषाचं, जुनं, तिथं शेत होतं तेव्हापासूनचं. बिल्डरने ते का ठेवलं होतं कुणास ठाऊक, बहुतेक तोडायचं विसरला असावा. पावसाळा मध्यावर आला की त्यावर बगळे यायचे. काड्या आणायचे, काड्यांवरून भांडायचे, अंडी घालायचे आणि मग दिवसभर खाजणातून मासे आणून पिल्लांच्या घशात ओतायचे. झाडाखाली पांढऱ्या विष्ठेचा सडा पडलेला असायचा आणि त्यात पिल्लांच्या तोंडातून निसटलेले मासे. वरच्या मजल्यावरच्या बायका नाकाला पदर लावून कपडे वाळत घालायच्या. माझी आई मात्र संध्याकाळी तळमजल्याच्या आमच्या गॅलरीत स्टूल टाकून बसायची आणि मोठाले श्वास घ्यायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "इकडची हवा चांगली आहे."

हवा चांगली नव्हती. मीरा रोडला तेव्हा चांगलं म्हणावं असं फारसं काही नव्हतं. आमच्या बिल्डिंगीपासून हाटकेशकडे तोंड केलं की चिखल, गवत, अर्धवट उभे राहिलेले पिलर आणि त्यापलीकडे पुन्हा चिखल. पाणी टँकरने यायचं. टँकरचा हॉर्न ऐकला की मजल्यामजल्यावरून हंड्यांचा आवाज व्हायचा, आणि तो ओसरला की बेडूक सुरू व्हायचे. पण परळच्या एका खोलीतून आलेल्या आम्हाला दोन खोल्या, स्वतःचा संडास आणि ग्रिलची गॅलरी म्हणजे डोक्यावरून पाणी होतं. बाबा पहिल्या दिवशी या खोलीतून त्या खोलीत नुसतेच जाऊन आले. काही आणायला नाही, ठेवायला नाही. दोन खोल्या आहेत तर जायला हवं म्हणून.

हे घर आम्हाला कसं मिळालं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. बाबा सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात होते. खोटं बोलू नये हे त्यांचं तत्त्व होतंच, पण मुळात त्यांना ते जमायचंही नाही. कान लाल व्हायचे. आधी दोन ठिकाणी त्यांनी घर पाहिलं होतं. दोन्हीकडे आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग गावातली वाडी कोणती ते विचारलं, आणि मग ब्लॉक गेला म्हणून सांगितलं. तो गेलेला ब्लॉक पुढे सहा महिने रिकामा दिसायचा. तिसऱ्या ठिकाणी जाताना बाबांनी ठरवलं, की या वेळी आपणच पहिल्या वाक्यात सांगून टाकायचं, म्हणजे कुणाचा वेळ जायला नको. बिल्डिंगचे सेक्रेटरी शांतिलालभाई, भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचं दुकान, नुकतेच सौराष्ट्रातून आलेले. त्यांनी विचारलं, "नॉनव्हेज तो नहीं ना?" बाबा म्हणाले, "आम्ही बौद्ध आहोत." शांतिलालभाई खुर्चीतून उठले आणि त्यांनी हात जोडले. "बुद्ध भगवान! अहिंसा! अरे, ए तो आपणा जेवा ज!" म्हणजे आपल्यासारखेच. आणि त्यांनी बाबांच्या हातावर पेढा ठेवला.

बाबांनी तोंड उघडलं होतं. पण त्यात पेढा गेला. त्या एका शब्दाने आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काही मिळत होतं. ते घ्यावं की परत करावं याचा विचार करायला जिना उतरेपर्यंत तरी वेळ मिळाला असता, पण सोसायटीचं टेबल तळमजल्यावरच होतं. बाबा घरी आले, आईला म्हणाले, "घर मिळालं," आणि थोड्या वेळाने म्हणाले, "मासे बंद."

आई मूळची दाभोळच्या खाडीकाठची. तिला वार कळायचे ते माशांवरून. ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी तिने पाटा-वरवंटा धुऊन ठेवला. त्यानंतर दीड वर्ष आमच्या घरात मासा शिजला नाही. काशीगावला माझी मावशी राहायची. एका रविवाराआड आई आणि मी तिच्याकडे जाऊन पोटभर जेवून यायचो. हात लिंबाने तीनदा धुवायचे, रिक्षात बडीशेप चघळायची, आणि बिल्डिंगच्या गेटातून शिरताना चेहरा भजनाहून आल्यासारखा ठेवायचा. बाबा आमच्याबरोबर यायचे, पण मावशीकडेही वरणभातच खायचे. ते म्हणायचे, "घर त्या बोलीवर मिळालंय. निदान माझ्यापुरतं तरी ते खरं असू दे." मांदेली कुरकुरीत तळून डोक्यासकट खाणारा माणूस तो. मावशी त्यांच्या ताटात वरण वाढताना तोंड फिरवायची.

दर रविवारी सकाळी बाबा वंदना घ्यायचे. आम्ही मागे बसायचो. पाच शीलांपैकी चौथं खोटं न बोलण्याचं. पहिली तीन बाबा खणखणीत म्हणायचे, चौथ्याला त्यांना खोकला यायचा, आणि पाचव्याला घसा मोकळा व्हायचा. दीड वर्षात एकही रविवार हा खोकला चुकला नाही. आई त्यांना गुळण्या करायला सांगायची, तेही तोंड गंभीर ठेवून.

त्या पावसाळ्यात एका दुपारी वाऱ्याने एक घरटं उलटलं आणि त्यातलं एक पिल्लू पहिल्या मजल्यावर हसुबेनच्या खिडकीच्या छज्ज्यावर पडलं. हसुबेन म्हणजे शांतिलालभाईंच्या पत्नी. बुटक्या, गोऱ्या, चालताना कायम काहीतरी पुटपुटणाऱ्या. मुंगी दिसली तर पाऊल हवेत धरून तिला आधी जाऊ देणाऱ्या. त्यांनी पिल्लाला दुकानातून आलेल्या एका कोऱ्या परातीत ठेवलं आणि त्याची सेवा सुरू केली. भिजवलेले मूग दिले. गांठिया दिले. वाटीतून दूध दिलं. पिल्लाने गांठियाकडे एकदा पाहिलं आणि हसुबेनच्या बांगडीला चोच मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परात घेऊनच आमच्या दारात आल्या. डोळे रडून सुजलेले.

"कमलबेन, हा मरून जाईल. काय पण खात नाय."

आईने परातीत वाकून पाहिलं. अंगावर विरळ पांढरी पिसं, त्यातून दिसणारी कातडी, लांब काळपट चोच आणि डोळ्यांत जगाबद्दल फार चांगलं मत नसल्याचा भाव. "ह्याला मासा लागेल," आई म्हणाली.

"ते मला समजते. म्हणून तर तुमच्याकडे आले." हसुबेनचा आवाज खाली आला. "तुमाला पण पाप लागेल, तुमी पण अहिंसावाले. पण तुमी कोकणचे ना. समुंदर बघितला आहे, वास सहन करून घ्याल. आमच्या गावाला तर नदी पण सुकी."

माझ्या आईने आयुष्यात एकही नाटक पाहिलेलं नव्हतं. तिने नाकाला पदर लावला, डोळे मिटले, आणि बराच वेळ थांबून म्हणाली, "जीव वाचतोय तर करीन कसंतरी."

प्रश्न सोसायटीचा होता. शांतिलालभाई टेबलाशी बसून अर्धा तास विचार करत होते. शेवटी त्यांनी निर्णय दिला, की पक्षी खातो, आपण खात नाही. आणि आणायचा तो मासा मेलेलाच आणायचा, पक्ष्यासाठी नव्याने कुणी मारता कामा नये. आईने ही अट मान्य केली. माझं अक्षर चांगलं म्हणून त्यांनी मला बोलावलं आणि जिन्याखालच्या फळ्यावर मी खडूने लिहिलं: "ब्लॉक नंबर दोनमध्ये आजारी पक्ष्यासाठी मासळी येईल. पक्षी बरा होईपर्यंत सभासदांनी सहकार्य करावे." खाली "हुकमावरून". मी तेव्हा आठवीत होते. माझं लिखाण सार्वजनिक जागी लागल्याची ती पहिली वेळ.

मुर्धे गावातून जनाबाय म्हणून एक मासेवाली आमच्या रस्त्याने जायची. आमच्या गेटापुढून जाताना ती हाळी बंद करायची आणि पुढच्या बिल्डिंगीशी पुन्हा सुरू करायची. आईने तिला गेटात हाक मारली तेव्हा ती आधी मागे वळून बघायला लागली, की दुसऱ्या कुणाला बोलावतात. मग पाटी उतरवली. आईने पाटीवरचं फडकं बाजूला केलं आणि तिचा हात आपोआप चालायला लागला. कल्ले उचलून बघ, पोट दाबून बघ, नाकाशी ने. वर गॅलरीत हसुबेन उभ्या होत्या. आईच्या ते लक्षात आलं तसं तिने घाईघाईने पुन्हा पदर नाकाला लावला.

"बगल्याला जवला बस हाय गो," जनाबाय म्हणाली. "मांदेली कशाला? आन बोंबील कशाला?"

"आजारी आहे तो."

"आजारी हाय तं बारा बोंबील?" जनाबायने आईकडे नीट बघितलं. "पाखरू हाय का जावय हाय?"

पिल्लाने पहिली मांदेली आईच्या हातून घेतली, उलटी फिरवली, डोक्याकडून गिळली आणि मान वाकडी करून दुसरी मागितली. हसुबेन दारात उभ्या राहून, अर्धे डोळे मिटून बघत होत्या. पिल्लू वाचणार हे कळल्यावर त्या तिथंच उंबऱ्यावर बसून रडल्या. नाव त्यांनी बच्चु ठेवलं. आम्ही त्याला बगळाच म्हणायचो.

चौथ्या दिवशी आई बाबांना म्हणाली, "सहा बोंबील उरलेत. टाकू?"

"संध्याकाळी दे त्याला."

"संध्याकाळपर्यंत राहत नाहीत बोंबील."

आईने दार लावलं, खिडक्या लावल्या, रेडिओ मोठा केला. तळलं नाही, कारण तव्यावरचा आवाज वर जातो. कालवण केलं, मिरची, आमसूल, आणि ठेचून भरपूर लसूण. दीड वर्षानंतर आमच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या पाटावर बसून मी बोंबलाचं कालवण जेवले. आई एक घास खाऊन थांबली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिखट लागलं असेल असं मला वाटलं, तिखट नव्हतं. समोर बाबा वरणभात कालवत होते. बराच वेळ कालवत होते.

त्यानंतर बगळ्याची भूक वाढली. पाव किलो, मग अर्धा किलो, एकदा तर चिंबोऱ्या. शांतिलालभाई जनाबायला गेटात बघून म्हणायचे, "बहु खाय छे!" आई म्हणायची, "वाढतं वय आहे." बगळ्याचा वाटा त्याला मिळत होता, त्यात आईने कधी हात आखडला नाही, हे तिच्या वतीने मला सांगितलंच पाहिजे. तो गॅलरीत राहायचा. धुण्याच्या दगडावर एका पायावर उभा राहायचा. पाय काळे, पावलं मात्र पिवळी, कुणीतरी मोजे घातल्यासारखी. बाबांच्या बुटांच्या नाड्या म्हणजे काहीतरी जिवंत आहे असं त्याला वाटायचं. रोज सकाळी कचेरीला निघताना बाबा आणि तो एकमेकांकडे बघत उभे असायचे, आणि आधी कोण हलतो यावर नाडी ठरायची.

बाबांना मासा चालत नव्हता, पण माहिती चालत होती. कचेरीतल्या ज्ञानकोशाच्या खंडातून ते बगळ्याविषयी वाचून आले आणि जेवताना सांगू लागले. ह्यांना विणीच्या दिवसांत पाठीवर लांब, झिरझिरीत पिसं येतात. गोऱ्या मडमांच्या टोप्यांवर ती पिसं लावायची एके काळी फॅशन होती, आणि त्यासाठी बगळे हजारांनी मारले. "मारायचे ते पिल्लं घरट्यात असतानाच," बाबा म्हणाले. "कारण पिसं तेव्हाच येतात. आणि तेव्हा पिल्लांना टाकून तो उडून जात नाही. घर धरून बसतो. मग सापडतोच." आई मांदेलीचा काटा काढत होती, ती थांबली. बाबांनी ताक घेतलं.

पाचेक आठवड्यांत अंगावरची कातडी पांढऱ्या पिसांखाली झाकली गेली. एका दुपारी मी शाळेतून आले तर बगळा गॅलरीतल्या दांडीवरून सुटला, पंख्याखालून गेला आणि लोखंडी कपाटावर जाऊन बसला.

"आई, हा उडतो."

"उडत नाही. उड्या मारतो."

"कपाटावर गेला."

"उंच उडी मारली." आईने स्टूल लावून त्याला खाली घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या डाव्या पंखाला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधलेली होती, त्यावर हळदीचा लेप. हसुबेन रोजच्यासारख्या त्याला बघायला आल्या. "अजून जोर नाही आला पंखात," आई म्हणाली. हसुबेननी पट्टीकडे बघून हळूच "बिचारो" म्हटलं. मी काही बोलले नाही. त्या दिवशी घरात कोळंबी होती.

आता पन्नाशी उलटल्यावर मी पुष्कळ गोष्टींची लाज बाळगायचं सोडून दिलं आहे, पण त्या पट्टीची अजून वाटते. झाडावरची बाकीची पिल्लं एकेक करून उडून गेली होती. संध्याकाळी बगळ्यांची रांग खाडीवरून परत यायची तेव्हा आमचा बगळा ग्रिलला अगदी चिकटून उभा राहायचा, मान लांब करायचा आणि उजवा पंख उघडायचा. डावा उघडायचा नाही. मी ते बघायचे आणि आत जाऊन अभ्यासाला बसायचे. आई बघायचीच नाही. त्या वेळेला ती हमखास कणीक मळायला घ्यायची.

मग जैनांचं पर्युषण लागलं. हसुबेननी आठ दिवसांचा कडक उपवास धरला होता. दिवसा उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्यास्तापर्यंतच. त्यांचा चेहरा रोज थोडा लहान होत होता. तरी त्या रोज सकाळी भिंतीला धरत खाली यायच्या, आमच्या उंबऱ्यावर बसायच्या आणि बच्चुला मांदेली खाताना बघायच्या. दोन दिवसांची उपाशी बाई मासे गिळणाऱ्या पक्ष्यासमोर हात जोडून बसलेली, आणि आत आमच्या चुलीवर त्याच पक्ष्याच्या नावाचं झाकलेलं पातेलं. तिसऱ्याच दिवशी आईने ते पातेलं केलंच नाही. "हिच्या उपासात नको," म्हणाली. पट्टी मात्र तिने सोडली नाही.

उपवास संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. आमची वंदना चालू होती. बाबा चौथ्या शीलाशी आले, खोकले, आणि बेल वाजली. दारात हसुबेन. अजून पारणं केलेलं नव्हतं. त्याआधी घरोघर जाऊन माफी मागायची म्हणून निघाल्या होत्या. पहिलं घर आमचं. त्यांनी आईसमोर हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, कमलबेन. जाणून किंवा नाय जाणून, माझ्याकडून तुमचं मन दुखलं असेल, तर माफ करा." मग बाबांना तेच म्हणाल्या. मग मला, आठवीतल्या मुलीला, तितकेच हात जोडून तितक्याच सावकाश. आणि मग गॅलरीच्या दाराशी जाऊन बगळ्याला म्हणाल्या, "तुला मी गांठिया खायला देत होते. मला माफ कर."

बाबांचे कान लाल झाले होते. "हसुबेन, थांबा. माफी आम्ही मागायला पाहिजे."

"मागा ना. आज सगळेच मागतात."

"नाही, मला कारण आहे."

"आज कारण नाय सांगायचं, जाधवभाई. आज फक्त माफ करायचं."

पण दीड वर्ष अडकलेला खोकला होता तो, तो थांबणार नव्हता. "आम्ही मासे खातो," बाबा म्हणाले. "म्हणजे ह्या दोघी खातात, बगळ्याच्या नावावर. पण घर घेतलं तेव्हा मीही खात होतो. आम्ही शाकाहारी नव्हतोच कधी. शांतिलालभाईंचा गैरसमज झाला आणि मी तो होऊ दिला. मला घर पाहिजे होतं."

हसुबेननी चौकट धरली. आई कुणाकडे न बघता गॅलरीत गेली, खाली बसली आणि बगळ्याच्या पंखाची गाठ सोडायला लागली. गाठ हळदीने आवळली होती, तिने ती दातांनी सोडली. "हा पण बरा आहे," ती पाठमोरीच म्हणाली. "पंधरा दिवस झाले, बराच आहे." मग तिने ग्रिलचं दार उघडलं.

बगळा दगडावरून ग्रिलच्या काठावर चढला. डावा पंख उघडला, मिटला, पुन्हा उघडला. सुटून पडलेल्या पट्टीला त्याने एक चोच मारली, काठ घाण केला, आणि गेला. एकदाही खाली न येता सरळ झाडावर. आई उघड्या दाराला धरून कितीतरी वेळ तशीच उभी होती. हसुबेननी झाडाकडे पाहिलं, मग आईच्या पाठीकडे पाहिलं, पुन्हा एकदा हात जोडले आणि त्या जिना चढायला लागल्या. प्रत्येक पायरीवर त्या थांबत होत्या. आम्ही तिघं आत उभे राहून पायऱ्या ऐकत होतो.

"पारणं तरी होऊ द्यायचं होतं," आई शेवटी म्हणाली.

मला बाबांचा भयंकर राग आला होता. पेढा गिळला तेव्हा गिळला, आता कशाला बाहेर काढायचा? परत ती आडनाव, गाव, वाडी विचारणारी माणसं, परत परळची ती एक खोली. आईने कालवणाचं पातेलं राखेने घासलं, लिंबाने घासलं, उन्हात ठेवलं आणि माळ्यावर टाकलं. बाबा या खोलीतून त्या खोलीत गेले आणि परत आले.

सोमवारी कचेरीतून आल्यावर बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाले, "ओलं फडकं घे. फळा तू लिहिलायस, तूच पूस." शांतिलालभाई जिन्याखाली टेबलाशी बसले होते. बाबा त्यांच्यासमोर उभे राहिले. "हसुबेननी सांगितलं असेल तुम्हाला."

"शुं?"

म्हणजे सांगितलं नव्हतं. बाबांना सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं, पेढ्यासकट. शांतिलालभाई चष्मा काढून पुसत ऐकत होते. "आणि मी बौद्ध म्हणालो," बाबांनी शेवट केला, "त्याचा आमच्याकडे जो अर्थ घेतात, तो तुम्हाला माहीत नव्हता."

"तेवा माहीत नव्हता," शांतिलालभाई म्हणाले. "महिन्याने लोकांनी येऊन समजावला. चार जण आले होते. मी बोललो, चावी दिली आता. परत मागायची तर मीटिंग बोलवायला लागते, आणि मीटिंगमध्ये लोक भांडतात."

बाबा खुर्चीला धरून उभे होते. "आणि मासे?"

"मच्छीचं आमाला काय समजणार? वास तर झाडाला पण येतो. पण जाधवभाई..." त्यांनी चष्मा लावला. "लसण! पहिल्याच दिवशी हसु बोलली, बच्चुला लसण देतात. आमच्या सात पिढीत कोणी लसण खाल्ला नाय. आमाला दोन मजले दुरून समजतो. बगळा काय लसण खातो?"

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

"बच्चु जगत होता ना," शांतिलालभाई म्हणाले. "बोललो असतो तर कमलबेन लाजेने मच्छी बंद करणार. मग तो मरणार."

बाबा फळ्याकडे वळले. मग मला म्हणाले, "पूस." मी फडकं वर केलं तर शांतिलालभाईंनी हात आडवा धरला. "कशाला? पक्षी बरा होईपर्यंत असं लिहिलं आहे."

"बरा झाला. गेला."

शांतिलालभाई उठून बाहेर आले. झाडावर वीस-पंचवीस बगळे होते, सगळे पांढरे, सगळे एकसारखे. "ह्यातला कोण?"

बाबांनी बघितलं. मीही बघितलं.

"ओळखता येत नाय, मग बरा झाला हे कोण लिहून देणार?" ते खडू शोधायला लागले. "अक्षर फिकं झालं बेटा. परत गिरव."

"पण हे खोटं आहे," बाबा म्हणाले.

"ते बोर्डावर आहे. तुमी तर खरं बोलले. बोर्डाचं पाप माझं." आणि आम्ही निघालो तेव्हा मागून म्हणाले, "फक्त कमलबेनना सांगा, लसण थोडा ओछो, कमी."

ती सूचना पुढे अकरा वर्षं फळ्यावर होती. दर पावसाळ्याआधी मी ती गिरवायचे, माझं लग्न झाल्यावर हसुबेन स्वतः गिरवू लागल्या, आणि त्यांच्या हाताखाली तिचं मराठी थोडं गुजराती झालं. आता झाड नाही, फळा नाही, शांतिलालभाईही नाहीत.

पण त्या सोमवारनंतरच्या रविवारचं सांगायचं राहिलं. सकाळी वंदना झाली. बाबा चौथ्या शीलाशी आले, आई आणि मी सवयीने थांबलो, आणि बाबा ते म्हणून न थांबता पाचव्यावर गेले. नंतर जनाबाय गेटात आली, तिला वरून हसुबेननीच हाक मारली होती. आईने माळ्यावरून पातेलं काढलं. खिडक्या उघड्या होत्या, रेडिओ बंद होता. बाबा पाटावर येऊन बसले आणि त्यांनी वरणाची वाटी बाजूला सारली. आईने त्यांना बोंबलाचं कालवण वाढलं. तिने लसणाची एकच पाकळी घातली होती, तीही न ठेचता. अगदी बेचव झालं होतं ते. बाबांनी तीनदा मागून घेतलं.